एकशे अठ्ठेचाळीस दाणे

४ मार्च

बारके,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडता कपाटावर फेकलं असतंस, म्हणून पत्ता शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. तीन वर्षांत तू माझा एक फोन उचलला नाहीस. मामीकडे निरोप द्यावा, तर ती त्यात पदरचे चार शब्द घालते आणि तेच चार शब्द तुझ्या लक्षात राहतात. तेव्हा पत्र.

तुझ्या अपिलाची नोटीस आमच्या प्रयोगशाळेत आली. एकोणतीस तारखेला सुनावणी आहे. परवाना परत मिळाला तर तू पुन्हा स्वतःच्या लेबलाखाली बियाणं विकशील, नाही मिळाला तर जन्मभर दुसऱ्यांच्या नावासाठी बी पिकवत बसशील, हे मला समजतं. अपील केलंस ते चांगलं केलंस. पण तुझ्या वकिलांनी नमुन्याचा तिसरा भाग उघडून तपासायची मागणी केलीय, ती मागे घे. उद्याच घे.

नियम तुला पाठ आहेत. निरीक्षक गोदामात येतो, पोत्यांतून नमुना काढतो, त्याचे तीन भाग करून तिन्हींना सील ठोकतो. एक विकणाऱ्याकडे राहतो, एक आमच्याकडे येतो, एक निरीक्षकाच्या कपाटात जातो. वाद झाला तर तो तिसरा भाग मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि तिचा आकडा अखेरचा मानायचा. तुझ्याकडचा भाग गोदामाबरोबर बंद झाला आणि उंदरांनी फस्त केला. म्हणून आता तुझा सगळा भरवसा त्या तिसऱ्यावर. कागदावर हे फार सुरेख आहे, पण ते कपाट मी पाहिलंय. पत्र्याचं आहे आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकून उभं आहे. दुपारी त्याला हात लावला तर चटका बसतो. सूर्यफुलाच्या बियात तेल असतं, ते तीन उन्हाळे अशा जागी तग धरत नाही. तुझं बी तेव्हा कितीही सरस असलं तरी आज ते मेलेलं निघेल आणि तो आकडा तुझ्या गळ्यात पडेल.

हे मी कुणाची बाजू घेऊन सांगत नाहीये. माझा अहवाल मी दिला, तो माझ्या जागी आहे. लेबलवर तू उगवण शहाऐंशी टक्के छापली होतीस, मला अठ्ठावन्न मिळाली, कायद्याला किमान सत्तर लागते. त्यात मी काही घातलं नाही की काढलं नाही. पण तिसरा भाग उघडू देऊ नकोस.

तब्येत सांभाळ. तुझी पाठदुखी अजून तशीच आहे, हे मामीकडून कळलं.

तुझी ताई


९ मार्च

बारके,

तुझ्या वकिलांचं पत्र मिळालं. 'आपण आमच्या अशिलाशी परस्पर संपर्क साधू नये.' छापील कागद, वर नाव, खाली शिक्का. मला तू पूर्वी 'ताई, तुला काही कळत नाही' म्हणायचीस, ते यापेक्षा बरं होतं.

शिवाय मामीचा फोन आला. तू म्हणालीस म्हणे, "तिला सांग, बी माझं आहे, ते कसं उगवतं ते मला माहीत आहे. ती घाबरलीय, म्हणून उघडू नको म्हणतेय." मामीने हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून. तुझी नक्कल तिला छान जमते.

तिने आणखी एक सांगितलं, ते ऐकून मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. तुझे वकील पहिल्याच दिवशी म्हणाले होते की तपासणारी बाई सख्खी बहीण आहे एवढं एकच आपण पुढे आणू, अहवाल आपोआप बाद होईल. आणि तू त्यांना बजावलंस की हा शब्द काढायचा नाही. "बहीण होती म्हणून सुटले, असं मला नको. माझं बी चांगलं होतं म्हणून सुटायचंय." तुझा ताठा बघून मला राग यायला हवा होता. आला नाही. दमल्यासारखं वाटलं.

तर ऐक. तू तोंडाने विचारलं नाहीस, पण तीन वर्षं मनात तेच धरून बसली आहेस. आमच्याकडे नमुना येतो तो नुसत्या क्रमांकाने येतो, कुणाचा आहे ते आम्हाला कळू नये म्हणून. पण मी पिशवी उलटी केली आणि ओळखलं. बारीक, राखाडी, एकाच कडेला पांढरी रेघ. ते वाण तू नऊ वर्षं फूल फूल निवडून आणलंस, माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरून मला दाखवलंस, माझी कोशिंबिरीची वाटी सरकवून. ते मी ओळखणार नाही तर कोण?

नियम असा की ओळखीचा नमुना निघाला तर लगेच साहेबांना सांगायचं आणि दुसऱ्याकडे द्यायचा. मी सांगितलं नाही. दुसरी तपासनीस रजेवर होती हे कारण मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. खरं कारण अगदीच बावळट आहे. तुझं बी माझ्या हातून पास व्हावं, अहवालावर माझी सही असावी, आणि वर्षभराने कधीतरी तुला सहज सांगावं की अगं, ते मीच तपासलं होतं. तेवढीच हौस.

एकतीस तारखेला मी निवृत्त होतेय. ऑफिसातले भिंतीवरचं घड्याळ देणार आहेत असं कानावर आलंय. छत्तीस वर्षं घड्याळाकडे बघत काढली, आता घरी जाताना तेच काखेत मारून न्यायचं.

ताई


१६ मार्च

बारके,

निरीक्षक आज आमच्याकडे जुन्या अहवालाची प्रत घ्यायला आला होता. तिसरा भाग सहा तारखेलाच मोठ्या प्रयोगशाळेत गेला म्हणाला. म्हणजे माझं पहिलं पत्र तुझ्या हातात पडलं तेव्हा पार्सल निघालेलं होतं. संपलं ते.

आता पुढचं सांगते. चहा तीनदा गार झालाय, पण आज लिहिते.

ताजं सूर्यफूल झोपलेलं असतं हे तुला मी काय सांगू. जिवंत असतं, पण पाणी दिलं, ऊब दिली तरी उठत नाही. म्हणून ओल्या कागदात गुंडाळून आधी सात दिवस थंड कपाटात ठेवायचं आणि मग उगवणीच्या पेटीत. मी तुझे चारशे दाणे मोजले, शंभर शंभरच्या चार गुंडाळ्या केल्या, थंड कपाटात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाटाखाली पाणी साचलेलं. आत हात घातला तर बाहेरच्यासारखीच हवा. मोटर जळाली होती.

अशा वेळी काय करायचं हे नव्या मुलींना मीच शिकवते. नमुना फेकायचा, कपाट दुरुस्त झालं की पहिल्यापासून सुरू करायचं आणि उशीर का झाला ते वहीत लिहायचं. त्या आठवड्यात कपाटात आणखी पाच नमुने होते. पाचही मी पुन्हा लावले, बारके. तुझा तेवढा तसाच पेटीत टाकला.

वहीत लिहिलं : सात दिवस, दहा अंश. सुंदर अक्षरात लिहिलं.

तू म्हणशील, का? तुझा नमुना पुन्हा लावला असता तर साहेबांची सही लागली असती. बाकी पाचांवर त्यांनी न वाचता सह्या केल्या, पण मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळेल. मग लोक म्हणतील, बहिणीचं बी, म्हणून बाईंनी जास्तीची संधी दिली. माझी पाचावर धारण बसली होती. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुझं माप कापलं. परक्या पाच जणांना जे दिलं, ते तुला दिलं नाही.

अजून आहे. दहाव्या दिवशी शेवटची मोजणी. नीट रोपं दोनशे बत्तीस. मोडकी, वेडीवाकडी वीस. न उगवलेले एकशे अठ्ठेचाळीस. आता त्या प्रत्येक दाण्याला चिमट्याने दाबून बघायचं असतं. मऊ पडला, आतून काळा निघाला तर मेलेला. फुगलेला आणि टणक असला तर जिवंत, नुसता झोपलेला. असे झोपलेले जास्त निघाले तर नियमच सांगतो की चाचणी पुन्हा घ्या. जेमतेम पाऊण तासाचं काम. मी चिमटा हातात घेतला आणि खाली ठेवला. दाबले असते आणि टणक लागले असते, तर मला सगळंच सांगावं लागलं असतं. एकशे अठ्ठेचाळीस दाणे मी गुंडाळीसकट कचऱ्याच्या बादलीत टाकले आणि रकान्यात लिहिलं : मृत.

ते मेलेले असतीलही. काही तर असतीलच. पण मी बघितलं नाही.

हे पत्र तुझ्या वकिलांना दाखव. त्यांच्या उपयोगी पडेल.

ताई


२५ मार्च

बारके,

सोळा तारखेचं पत्र मी टाकलं नाही. पाकीट चिकटवलं, पर्समध्ये ठेवलं आणि नऊ दिवस ते घेऊन ऑफिसला जातेय, येतेय. टपालपेटी आमच्या फाटकाला लागूनच आहे, त्यामुळे ती सापडली नाही असंही म्हणता येत नाही.

आज मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिसऱ्या भागाची उगवण सदतीस टक्के.

साहेब स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. कधी येत नाहीत. म्हणाले, "बघा, तुमचा आकडा उलट जरा उदारच होता." सगळे हसले. तपासनीस मुलींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी बिस्किटं आणली. साहेब मग हळू आवाजात म्हणाले, "तीन वर्षं मला धाकधूक होती बरं का. नातं मला कळलं होतं. पण म्हटलं अहवाल तो अहवाल. आता सुनावणीत फक्त 'नोंदीप्रमाणे' एवढंच म्हणायचं आणि घरी जायचं." माणूस वाईट नाही. मला निवृत्तीच्या आधी त्रास नको, एवढाच त्याचा हेतू.

सदतीस हा आकडा खरा आहे. त्यांनी नीट थंडीत ठेवलं असणार, एकेक दाणा दाबून बघितला असणार. त्यांच्यासमोर जे बी आलं ते खरंच मेलेलं होतं, पत्र्याच्या कपाटात भाजून. आणि त्या खऱ्या आकड्याखाली माझं खोटं असं गाडलं गेलंय की पुन्हा कुणी उकरणार नाही. मला काही करायचंच नाहीये. गप्प बसायचं, चार दिवस. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं सोपं काम मला कुणी दिलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर हायसं वाटलं. बिस्कीट मी खाल्लं. नंतर प्रसाधनगृहात जाऊन उभी राहिले आणि मला तुझा खूप राग आला. तू ते नातं पुढे आणलं असतंस तर मला आज हे ठरवायला लागलं नसतं. बघ कशी आहे मी.

हेही पत्र टाकेन असं वाटत नाही.


३० मार्च

बारके,

तू तिथेच होतीस, पण माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. म्हणून माझ्या बाजूने जे दिसलं ते लिहिते. सोबत आधीची दोन पत्रंही घालतेय. आता ती लपवून ठेवण्यात अर्थ उरला नाही.

तुझे केस मागून इतके पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं.

सुनावणीची खोली एवढीशी. अपील अधिकाऱ्यांना सर्दी झालेली. त्यांनी फाईल चाळली, सदतीसच्या पानावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "तुमच्या मूळ अहवालाबद्दल काही सांगायचंय?" साहेब मागे बसले होते. मी 'नोंदीप्रमाणे' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "नोंद खोटी आहे."

मग सगळं सांगितलं. मोटर, पाच नमुने, चिमटा. तू मान वळवली नाहीस. तुझे वकील लिहायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले. अधिकाऱ्यांनी रुमाल खाली ठेवला.

"कपाट बिघडल्याचा कागद आहे?"

"नाही. दुरुस्तीच्या वह्या आणि वाद नसलेल्या नमुन्यांचे कागद दोन वर्षांनी रद्दीत जातात."

"म्हणजे पुरावा नाही. आणि तुम्ही अर्जदाराच्या कोण?"

तुझा खांदा हलला. तुला ते नको होतं हे मला माहीत होतं. पण शपथेवर विचारलं होतं.

"सख्खी बहीण."

त्यांनी सदतीसचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "बाई, दोन आकडे तुमच्या बहिणीच्या विरुद्ध आहेत, आणि निवृत्तीच्या दोन दिवस आधी तुम्ही येऊन सांगता की तुमचाच आकडा खोटा. बहिणीसाठी कुणीही एवढं करेल. मी कसा विश्वास ठेवू?"

मी म्हणाले, "साहेब, तीन वर्षांपूर्वीही मी तिची बहीणच होते. तेव्हा सगळ्यांनी ठेवला."

आपण काही मोठं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. फक्त दमले होते.

बाहेरच्या बोळात तू पाण्याच्या टाकीजवळ उभी होतीस. मला वाटलं होतं तू शिव्या देशील. त्याची तयारी करून आले होते. तू एवढंच विचारलंस, "किती आलं असतं?" मला कळलंच नाही. तू पुन्हा म्हणालीस, "नीट तपासलं असतंस तर. किती आलं असतं?" मी काहीतरी पुटपुटले. तू थांबली नाहीस.

ताई


१२ एप्रिल

बारके,

निकालाची प्रत मलाही आली. तुझा परवाना परत मिळाला. तू हे मानणार नाहीस, पण मी खुर्चीत बसून रडले.

कारण वाचलंस ना? 'तपासणी नात्यातील व्यक्तीने केल्याने अहवाल विचारात घेता येत नाही.' तू जे वकिलांना तीन वर्षं बोलू दिलं नाहीस, तेच. माझ्या बाकी सगळ्या सांगण्याबद्दल एक ओळ आहे : 'पुराव्याअभावी त्यावर मत देण्याची आवश्यकता नाही.' तुझं बी चांगलं होतं असं त्या चार पानांत कुठेही म्हटलेलं नाही. मूळ अहवालच बाद, म्हणून त्यावर काढलेला परवाना रद्दीचा हुकूमही बाद, एवढंच; सदतीसचा अहवाल फाईलमध्ये तसाच आहे. बाजारात लोक म्हणणार, बहिणीने सोडवलं. मामी म्हणालीच.

माझी चौकशी लागलीय. त्याचं काय होईल ते होवो, तुझ्यापर्यंत त्याची झळ येऊ देणार नाही. घड्याळ त्यांनी दिलं नाही.

या दोन आठवड्यांत मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर काढायचा प्रयत्न करतेय. कागद घेऊन बसते. तुझे आधीच्या वर्षांचे लॉट, त्यांचे आकडे, ताज्या बियांत झोपलेल्यांचं प्रमाण साधारण किती असतं, सगळं मांडून बघितलं. तुझा शहाऐंशीचा आकडा खरा होता असं मला मनापासून वाटतं. शहाऐंशी, ताई म्हणते, असं लिहून दिलं तर तुला बरं वाटेल, आणि माझंही ओझं उतरेल. पण ते पुन्हा तसंच होईल. न बघता रकाना भरणं.

म्हणून बघितलं तेवढंच लिहिते.

एकूण दाणे चारशे. नीट रोपं दोनशे बत्तीस. वेडीवाकडी वीस. न उगवलेले एकशे अठ्ठेचाळीस. त्यांतले मेलेले किती, पाहिलं नाही. जिवंत किती, पाहिलं नाही. तो सगळा लॉट तेव्हाच्या हुकुमाने तेलाच्या घाण्यावर गेला, तिसरा भाग कपाटात मेला, आणि मी ते दाणे बादलीत टाकले. तू उद्या त्याच वाणाचं बी पेरून शंभर टक्के उगवून दाखवलंस, तरी ते त्या वर्षीच्या बियाबद्दल काही सांगणार नाही. हे तुझ्याइतकं कुणाला कळतं?

किती आलं असतं ते मला माहीत नाही, बारके. मोठ्या प्रयोगशाळेला नाही, तुलाही नाही. ते आता कधीच कुणाला कळणार नाही. पाऊण तासाचं काम होतं, आणि मी केलं नाही.

ताई